जुनी बोट जपायची तर तिला पाण्यात ठेवा

मा. संपादक,

जुनी लाकडी मासेमारी बोट जपायचा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात बाहेर काढा, रंग द्या, छपराखाली उभी करा. मला हे अजिबात पटत नाही. का ते सांगायला स्कॉटलंडच्या 'रीपर'चं उदाहरण देतो.

१९०२ ला सँडहेवनमध्ये बांधलेली ही फिफी जातीची, म्हणजे तिकडच्या शीडाच्या मासेमारी बोटींच्या एका प्रकारातली बोट, साधारण ७० फूट लांब, पुढचं-मागचं दोन्ही टोकं जवळजवळ सरळ उभी. उन्हाळ्यात हेरिंग हा छोटा समुद्री मासा पकडायची. ते काम रात्रीचं, संध्याकाळी जाळी सोडायची, बोट कमी हेलकावे खावी म्हणून पुढची डोलकाठी आडवी करायची आणि जाळ्यांच्या लांबच लांब रांगेला बांधून घेऊन रात्रभर वाहत राहायचं, वर आलेला मासा जाळ्याच्या आसात, म्हणजे छिद्रात, कल्ल्यांनी अडकायचा. मग ती भिजलेली जड जाळी ओढायची. वाफेवरचं कॅप्स्टन, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र, आलं म्हणूनच एवढ्या मोठ्या बोटींना हे झेपायला लागलं. शीडाचं पण तसंच, दिशा बदलायची तर पुढचं शीड खाली घ्या, डोलकाठीच्या दुसऱ्या बाजूला न्या, परत चढवा, आणि हे सगळं भर वाऱ्यात ओल्या डेकवर!

पुढे ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर गेली, तिथे एकदा २२३ क्रॅन (हेरिंग मोजायचं जुनं माप) हेरिंग आणलं, म्हणजे जवळजवळ अडीच लाख मासे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं अडवायला हवेत सोडायच्या बलूनच्या कामाला लावली, नंतर परत मासेमारी, आणि त्यानंतर 'शेटलँडर' नावाने बेटांमध्ये सामान वाहत होती, १९७४ पर्यंत. मग स्कॉटलंडमधल्याच अँस्ट्रदर गावच्या मासेमारी संग्रहालयाने घेतली आणि परत शीडाची बोट केली.

मला वाटतं सामान वाहायच्या त्या वर्षांनीच ती वाचली. मासे संपले, इंजिनं आली, तिच्या बरोबरीच्या बहुतेक बोटी काम नाही म्हणून किनाऱ्यावर पडून संपल्या. हिला कोणीतरी काम देत राहिलं आणि काम होतं म्हणून दुरुस्ती होत राहिली.

लाकूड कोरडं पडलं की फळ्या आकसतात, फटीत ठोकलेला कापूस-काथ्या सैल होतो. खारं पाणी लाकडाला तितकं वाईट नाही, खरी वाट लावतं ते पावसाचं गोडं पाणी, डेकच्या सांध्यातून झिरपून तुळईच्या टोकाशी साचतं, वरून रंग चकाचक आणि स्क्रूड्रायव्हर टोचला तर सरळ आत जातो. बोट वापरात असेल तर हे वेळेत कळतं.

काही जण म्हणतात एवढ्या फळ्या बदलल्या मग जुनं राहिलं काय. अहो, मासे पकडत होती तेव्हा पण फळ्या बदलतच होत्या की! फळी वाफेवर मऊ करून फासळ्यांवर वाकवून बसवायची, ती थंड व्हायच्या आत, ही हातोटी नुसतं बघून येत नाही, करावं लागतं. बोट बंद तर तो हात पण बंद.

अडचण पैशाची आहेच. पहिल्या मोठ्या दुरुस्तीला देणगी मिळते, दरवर्षीच्या रंग-डांबर-कापसाला कोणी देत नाही. 'रीपर' स्वयंसेवक चालवतात म्हणून निभावतं, सगळीकडे तशी माणसं नसतात. म्हणून विनंती एवढीच, अशा कुठल्या बोटीच्या जीर्णोद्धाराची बातमी छापाल तेव्हा फोटोबरोबर हे पण विचारा की पुढच्या वर्षी तिला ड्रायडॉकला, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, कोण नेणार आणि त्याचे पैसे कुठून येणार.

आपला एक वाचक