मंडईत साठलेली गंगाजळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पक्षाघातानंतरच्या मेंदूवर लेख आला होता. शिक्षण नि वाचन जास्त असेल तर मेंदूची गंगाजळी जास्त, आणि झटक्यातून माणूस सावरतोही चांगला, असा त्याचा सूर. शेजारच्या चौकटीत शब्दकोडी, सुडोकू, बुद्धिबळ. मी हा लेख वाचत होते तेव्हा समोर सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही. चौकटीतलं एकही काम त्यांनी जन्मात केलेलं नाही.

आम्ही त्यांना आत्या म्हणतो. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. लग्न होऊन सोलापुरात आल्या तेव्हा मराठी धड येत नव्हती, ती लक्ष्मी मंडईत भाजी विकता विकता आली. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका गिऱ्हाईक, त्यांच्याकडून तेलुगू उचलली. दखनी कुठून आली ते त्यांनाही सांगता येत नाही. हिशेब तोंडी. त्यांचे सासरे दुकानात बसून पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायचे, ती ऐकून ऐकून पाठ झालेली. १८ बायकांची भिशी चालवत होत्या. कुणाचा हप्ता थकला, कुणी कितव्या महिन्यात उचलली, एक आकडा कुठे लिहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका पहाटे मंडईत त्यांच्या हातातून तराजू निसटला. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा बसली. लोकांनी घरी आणलं. कुणी लसूण घालून तापवलेल्या तेलानं चोळलं, कुणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं हे आम्हाला इस्पितळात गेल्यावर कळलं, आणि तोवर दुपार झाली होती. रक्तदाबाची गोळीही त्यांनी 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर बंद केली होती. या दोन्ही चुका आमच्या घरच्या, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. चौथ्या दिवशी आत्यांच्या तोंडून पहिला शब्द आला, "ब्याड". आयाबाई धावत आल्या. चादर ताणून सरळ केली, उशी बदलली, पलंगाचं डोकं वर केलं, खाली केलं. आत्या पुन्हा "ब्याड". मग मी पेजेचा चमचा पुढे केला आणि त्यांनी डाव्या हातानं तो असा ढकलला की पेज माझ्या पदरावर. तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्यांच्याकडच्या कानडीत ब्याड म्हणजे नको! मराठी सगळी अडकली होती आणि माहेरची भाषा आधी वाट काढून बाहेर आली होती. फाइलवर मात्र इंग्रजीत नोंद झाली की पेशंटचं बोलणं असंबद्ध आहे.

तीन महिन्यांनी बुद्धीची चाचणी झाली. तोवर तुटक बोलायला लागल्या होत्या. ३० गुणांचा छापील कागद. आज तारीख काय, विचारल्यावर म्हणाल्या, "एकादशी". त्या दिवशी खरंच एकादशी होती, पण कागदाला तारीख हवी होती. शंभरातून सात सात वजा करा. एक वाक्य लिहा. एकमेकांत अडकलेल्या दोन पंचकोनी आकृत्या बघून काढा. ज्यांनी कधी पेन्सिल धरली नाही आणि ज्यांचा उजवा हात पडलाय, त्यांना! गुण १३. मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं की आता फार अपेक्षा ठेवू नका.

संपादक महाशय, मी डॉक्टर नाही, पण त्यानंतर मिळेल ते वाचलं. ही गंगाजळीची कल्पना आली कुठून? १९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातल्या १३७ माणसांच्या मेंदूंचं शवविच्छेदन केलं, तेव्हा दहा मेंदू असे निघाले की आत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण जिवंतपणी माणूस ठणठणीत. म्हणजे मेंदूतली इजा आणि माणसाची चालचलणूक यांचा हिशेब सरळ जुळत नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठातल्या याकोव्ह स्टर्न यांनी ही कल्पना वाढवली. एक वाट बंद पडली की दुसऱ्या वाटेनं काम काढून घ्यायची मेंदूची ऐपत, ती ही शिल्लक.

शिक्षणाचा पुरावा आहे, नाकारत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ७६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सगळे डोक्याला जबर मार लागलेले. वर्षभरानंतर कुठलंच अपंगत्व न उरलेले, १६ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांत सुमारे ३९ टक्के होते आणि बारा वर्षांहून कमी शिकलेल्यांत सुमारे दहाच टक्के. पण एवढं शिकलेल्याच्या मागे बहुधा बरी नोकरी असते, रजा असते, फिजिओथेरपिस्टला घरी बोलवायला पैसा असतो. यात मेंदूची शिल्लक किती आणि बँकेतली किती, हे मला तरी वेगळं करता येत नाही.

आणि आपल्या लेखात जे अजिबात नव्हतं ते तर सोलापूरहून एका रात्रीच्या अंतरावरचं. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांना तो आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडलेला दिसला, आणि हा फरक निरक्षरांमध्येही होता. हे २०१३ चं. २०१६ मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांबद्दल लिहिलं. झटक्यानंतर बुद्धी शाबूत राहिलेले, दोन किंवा जास्त भाषावाल्यांत ४०.५ टक्के, एकभाषिकांत १९.६. वाचा जाण्याचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखं. आत्यांचं अगदी हेच झालं होतं. जीभ अडली होती, डोकं जागेवर होतं, आणि आमचा कागद जिभेवरून डोकं मोजत होता. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, भाषा हे एकच कारण असेल असंही नाही. पण चार भाषांत घासाघीस करणं हा मेंदूचा व्यायाम नाही आणि सुडोकू तेवढा आहे, हे कुठलं शास्त्र?

चाचणी बदलता येत नाही असंही नाही. हरियाणातल्या बल्लभगढमध्ये निरक्षर ग्रामीण माणसांसाठी हिंदीत बेतलेली चाचणी १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली आहे. आपल्याकडे निदान रुग्णाला घरात, बाजारात कोणत्या भाषा लागतात आणि तो दिवसभर काय करायचा, एवढं पहिल्या दिवशी विचारून फाइलवर लिहावं. याला यंत्र लागत नाही.

आमच्याकडे वाचोपचाराच्या ताई चित्रांची कार्डं दाखवायच्या. विमान, सफरचंद, पियानो. पियानो! आत्या माझ्याकडे बघायच्या. शेवटी मी मंडईतून शेपू, चुका, अंबाडी आणून पुढ्यात ठेवली. पाणी मागता येत नव्हतं, पण "पाव, अर्धा, पाऊण" मी सुरू करून दिलं की पुढचं सगळं घडाघड यायचं. शेजारची पद्मा रोज तास-दीड तास तेलुगूत भांडायला यायची, खरोखर भांडायला, भिशीच्या जुन्या हिशेबावरून. मेथीच्या जुड्या डाव्या हातानं बांधता बांधता उजवा हात धरून ठेवायला शिकला. सगळं परत आलेलं नाही. एका वाक्यात तीन भाषा येतात, माझं नाव अजून चुकतं, पायरी उतरताना धरावं लागतं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा मी त्या काय काय करायच्या ते एका पानावर लिहून नेलं होतं. नवे डॉक्टर होते. त्यांनी ते वाचलं, छापील कागद उलटा करून ठेवला आणि विचारलं, "आजी, चाळीस रुपये किलोची वांगी पावणेदोन किलो घेतली, किती द्यायचे?"

आत्यांनी जरा वेळ घेतला. म्हणाल्या, "सत्तर." मग डॉक्टरांकडे निरखून बघत, "महाग."

आपली एक वाचक,
सोलापूर