होसे बात्लेच्या आयुष्याचे दोन तुकडे करू नका

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील क्युबन निर्वासित होसे मिगेल बात्ले याच्यावरचा लेख वाचला. कॅस्ट्रोविरुद्ध बंदूक उचलणारा देशभक्त आधी, आणि परक्या मुलखात बिघडलेला जुगाराचा बादशहा नंतर, असे त्याच्या आयुष्याचे सरळ दोन भाग लेखकाने पाडले आहेत. ही मांडणी मला पटली नाही. 1980च्या दशकात मी न्यू जर्सीतील युनियन सिटी या गावात चार वर्षे राहिले आहे आणि तिथल्या भरतकामाच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

मुळात बात्ले अमेरिकेत येऊन बिघडला, हेच खरे नाही. 1929 मध्ये जन्मलेला हा माणूस कॅस्ट्रोआधीचा हुकूमशहा बातिस्ता याच्या राजवटीत हवानाच्या पोलिसांत होता, आणि तोही जुगार व वेश्याव्यवसायावर नजर ठेवणाऱ्या पथकात. मायर लान्स्की आणि सांतो त्राफिकान्ते यांच्यासारख्या अमेरिकी माफियांचे कसिनो त्या काळी हवानात जोरात चालत होते. जुगाराचा पैसा कुठून निघतो आणि कोणाच्या खिशात जातो, हे त्याने देश सोडण्यापूर्वीच जवळून पाहिले होते.

त्याच्या लढाईबद्दल मात्र मी कमीपणाने बोलणार नाही. 17 एप्रिल 1961 रोजी कॅस्ट्रोला हटवण्यासाठी अमेरिकेने उभारलेल्या ‘ब्रिगेड 2506’ या निर्वासितांच्या फौजेचे सुमारे चौदाशे जण क्युबातील ‘बे ऑफ पिग्ज’च्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांत तोही होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी हवाई हल्ल्यांना आवर घातल्यामुळे ही माणसे उघडी पडली, तीन दिवसांत मोहीम कोसळली, शंभरावर मारले गेले आणि अकराशेंहून अधिक कैद झाले. अन्न आणि औषधे यांच्या मोबदल्यात डिसेंबर 1962 मध्ये त्यांची सुटका होईपर्यंत त्यांनी वीस महिने कॅस्ट्रोच्या तुरुंगात काढले. आपला विश्वासघात झाला ही भावना त्यांच्या मनात कायमची घर करून राहिली, आणि ती खोटी होती असे कोण म्हणेल?

माझा मुद्दा पुढचा आहे. युनियन सिटीत आल्यावर बात्लेने ‘बोलिता’चा, म्हणजे आकड्याचा धंदा उभा केला, तो याच भावनेच्या भांडवलावर. तुरुंगात शेजारी बसलेला माणूस पोलिसांना फितणार नाही, ही खात्री त्याला फुकट मिळाली होती, आणि ब्रिगेडच्या नावामुळे निर्वासितांच्या वस्तीत त्याच्याविषयी ब्र काढायला लोक कचरत. इटालियन माफियांना त्यांचा वाटा पोहोचवून त्याने हा धंदा हडसन नदीपलीकडे न्यूयॉर्कपर्यंत पसरवला, आणि त्याच्या टोळीला ‘कॉर्पोरेशन’ हे नाव पडले. त्यामुळे देशभक्ती संपली आणि गुन्हेगारी सुरू झाली, असा क्षण त्याच्या आयुष्यात शोधूनही सापडत नाही.

आणि हा पैसा येत कोणाकडून होता? आमच्या कारखान्यात शिफ्ली या भरतकामाच्या यंत्रावर काम करणारी एक क्युबन बाई होती. शुक्रवारी पगाराचे पाकीट हातात पडले की ती आधी मुलांच्या बुटांचे, मग भाड्याचे पैसे वेगळे काढी, आणि उरलेल्यातून रोज पंचवीस सेंटचा एक आकडा लावी. तिचा आकडा स्वप्नावरून ठरे. स्वप्नात दिसलेल्या गोष्टीचा आकडा सांगणाऱ्या क्युबन ‘चारादा’त घोडा म्हणजे एक, फुलपाखरू म्हणजे दोन, मांजर म्हणजे चार, मेलेला माणूस म्हणजे आठ. बर्गनलाइन अव्हेन्यूवरच्या किराणा दुकानात ती कॉफीचा छोटा कप घेई आणि चिठ्ठी काउंटरवरून सरकवी. मी हिशेबाची माणूस, म्हणून एकदा तिला कागदावर मांडून दाखवले: तीन अंकी आकडा लागण्याची शक्यता हजारात एक, आणि लागलाच तर मिळणार एकाला पाच-सहाशे. तिने कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, “पण ही आपली माणसे आहेत, पैसे बुडवत नाहीत.” हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

आपली माणसे पैसे बुडवत नव्हती, पण जाळत होती. बात्ले तोवर मायामीला राहायला गेला होता. प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्याच्या दुकानांना न्यूयॉर्कमध्ये आगी लावल्या गेल्या आणि त्यांत ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता अशी माणसे गेली, लहान मूलसुद्धा गेले. 1985 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नेमलेल्या संघटित गुन्हेगारी आयोगासमोर ‘कॉर्पोरेशन’बद्दल साक्षी झाल्या. आपल्या लेखात या आगींना एक ओळसुद्धा मिळालेली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

केनेडींनी मायामीच्या स्टेडियममध्ये ब्रिगेडचा ध्वज स्वीकारला आणि तो स्वतंत्र हवानात परत करण्याचे वचन दिले, हा प्रसंग लेखात सविस्तर आहे. पुढे काय झाले, ते नाही. तो ध्वज परत मिळवण्यासाठी ब्रिगेडच्या माजी सैनिकांना वकील द्यावा लागला आणि 1976 मध्ये तो त्यांच्या हाती आला. त्याच वर्षी मायामीजवळ ओपा-लोका येथे बात्लेच्या एका तरुण क्युबन हस्तकाचा खून झाला. या खुनाच्या कटाबद्दल बात्लेला पुढच्या वर्षी शिक्षा झाली, पण ती अपिलात टिकली नाही. ज्यांनी आयुष्यभर सचोटीने नोकऱ्या केल्या आणि ध्वजासाठी कोर्टाची पायरी चढायची तयारी ठेवली, ते शेकडो सैनिकही ब्रिगेडचेच होते. बात्लेला त्यांचा प्रतिनिधी ठरवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

2004 मध्ये त्याच्यावर मोठा खटला दाखल झाला, 2006 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि 2007 मध्ये तो वारला. आपण या विषयावर पुढचा भाग छापणार असल्याचे लेखाखाली म्हटले आहे. त्यात त्याच्या बादशाहीपेक्षा त्या जळालेल्या दुकानांना आणि चिठ्ठी सरकवणाऱ्या बायकांना जागा द्यावी, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, डोंबिवली