बॅटरी विकण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्यातल्या जुन्या गाड्या सेल्फ घेईनाशा होतात आणि बॅटरीच्या दुकानांत रीघ लागते. माझं उभं आयुष्य नाना पेठेत ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात गेलं. आता दुकान बंद केलंय, धनकवडीला राहतो. तरी ओळखीपाळखीचे लोक अजून गाडी दारात आणून उभी करतात, आणि बहुतेक वेळा नवी बॅटरी टाकून झाल्यावरच आणतात. गाडीला व्होल्ट मोजणारं मीटर न लावता बॅटरी गळ्यात मारायची ही पद्धत बंद व्हावी, म्हणून हे पत्र.

आमच्या भागात शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एक ताई आहेत. गाडी जुनी ओम्नी. वर्षाच्या आत त्यांनी दोनदा बॅटरी बदलली, आणि ही नवी बॅटरीसुद्धा सकाळी उतरलेली असायची. दुकानात दोन्ही वेळा एकच परीक्षा झाली. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपसलं, गाडी बंद पडली नाही, की निकाल ठरलेला : ‘डायनमो ओके आहे, बॅटरीच गेली.’ ताई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. "काका, पोरं पावसात गेटवर उभी राहतात हो, आणि मला पालकांचे फोनवर फोन."

सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मीटर लावलं तर बॅटरी १२.१ व्होल्ट दाखवत होती. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर निवांत राहिल्यावर १२.६ च्या आसपास असते. १२.१ म्हणजे निम्म्याहून खाली. गाडी सुरू करून हेडलाइट लावले तेव्हा बॅटरीवर १३.१ आले. ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवेत. इथपर्यंत पाहून कोणीही म्हणेल, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना वीज तयार करून बॅटरी भरणारा, दुकानात ज्याला डायनमो म्हणाले तोच) कमजोर आहे. पण सीट उचलून अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर टोक ठेवलं तर तिथे १४.३! अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. १.२ व्होल्ट वाटेतच कुठेतरी मरत होते.

ही जागा शोधायला मोठं यंत्र लागत नाही. इंजिन आणि लाइट चालूच ठेवायचे. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या त्या बोल्टवर, दुसरं थेट बॅटरीच्या प्लसवर. जोड स्वच्छ असतील तर मीटर जेमतेम ०.२ दाखवतं. इथे १.१ आलं. मग एक टोक अल्टरनेटरच्या अंगावर, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. तिथे ०.१, म्हणजे अर्थिंग ठीक. दोष प्लसच्या वायरमध्येच होता. वायर हाताने चाचपत गेलो तर एका ठिकाणी टेप गरम लागली. ती उकलली. कधीतरी कोणीतरी म्युझिक सिस्टिमसाठी तिथे वायर सोलून नुसता पीळ मारला होता. तांबं काळं पडलेलं, शेजारच्या वायरचं कव्हर वितळून चिकटलेलं. मुलांची गाडी आहे ही. बॅटरी उतरण्याचा त्रास तर होताच, पण त्या जोडाने एखाद्या दिवशी पेट घेतला असता या विचाराने मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. नवी वायर, टोकांना नीट दाबलेले लग (धातूचे जोड), वर स्लीव्ह. खर्च काही शे रुपये. लाइट लावून पुन्हा पाहिलं तर बॅटरीवर १४.१. तीच बॅटरी रात्रभर कमी करंटवर चार्ज करून परत बसवली आणि आजही ती चालते आहे.

आधी काढून दिलेल्या बॅटऱ्यांचं काय झालं, याचं मला जास्त वाईट वाटतं. पैकी एक तरी चार्ज करून चालली असती असं मला वाटतं. ती एक्स्चेंजमध्ये शिसं म्हणून वजनावर गेली. ताईंच्या खिशातून गेलेले पैसे वेगळेच.

आता त्या टर्मिनल उपसण्याबद्दल. माझ्या उमेदवारीच्या काळात हे सर्रास चालायचं. तेव्हाच्या अँबॅसेडर-फियाटला खरोखरच डायनमो असे, आणि गाडीत नाजूक इलेक्ट्रॉनिक्स नावाला नव्हतं. पुढे अल्टरनेटर आले, पण लोकांच्या तोंडी नाव डायनमोच राहिलं आणि सवयही तीच राहिली. अल्टरनेटर करंट देत असताना बॅटरी एकदम काढली की व्होल्टेज क्षणभर कितीतरी पटींनी उसळतं. त्यात व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि करंट उलटा जाऊ न देणारे डायोड उडतात, इंजेक्शनची गाडी असेल तर इंजिनचा कंट्रोलर जातो. बॅटरीच्या निमित्ताने आलेला माणूस अल्टरनेटरचंही बिल भरून जातो. शिवाय या परीक्षेतून बॅटरीबद्दल कळत काहीच नाही. ताईंच्या गाडीत अल्टरनेटर चांगला होता हे या परीक्षेने बरोबर सांगितलं, पण म्हणून बॅटरी खराब, हे कुठून आलं?

चालकांनी स्वतः पाहाव्यात अशाही गोष्टी आहेत. चावी ‘ऑन’ केल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर लोक खूश होतात, पण बऱ्याच जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब गेला असेल, तर रेस दिल्याशिवाय अल्टरनेटर जागा होत नाही. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर आतला डायोड लीक आहे आणि तोच रात्रभर बॅटरी पितो आहे. पावसात गाडी सुरू करताच किंचाळली की आधी अल्टरनेटर फिरवणारा पट्टा बघा. सेल्फ मारताना अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होत असेल, तर इंजिनची अर्थ पट्टी तुटली किंवा गंजली आहे आणि करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परत जातो आहे. उलट बॅटरीतलं पाणी सारखं आटत असेल, बल्ब वरचेवर जात असतील, तर इंजिन चालू असताना मीटर बहुधा १५ च्या वर दाखवेल. तिथे रेग्युलेटर बदलायचा असतो. नवी बॅटरी टाकली तर तीही उकळून जाईल.

डिझेल गाड्यांच्या मालकांना एक वेगळं सांगणं आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीवर बसवलेला असतो. त्याचं सील गेलं की इंजिन ऑइल आत उतरतं आणि कार्बन ब्रश चिकट होतात. चार्जिंग कमी झालं आणि ब्रेकही जड लागू लागला, तर या दोन तक्रारी वेगळ्या समजू नका. अशी गाडी घाटात घालायची नाही.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. अल्टरनेटर बऱ्याच गाड्यांत खालच्या अंगाला असतो. गाळ आत गेला की बेअरिंग आणि स्लिप रिंग लगेच नाही, काही महिन्यांनी त्रास देतात, आणि तोवर पुराची आठवण कोणाला राहत नाही. अशी गाडी घेणाऱ्याने अल्टरनेटर उघडून पाहायलाच लावावं.

आपल्या दैनिकामार्फत बॅटरी विक्रेत्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पावतीवर तीन आकडे लिहून द्या : इंजिन बंद असताना बॅटरीवर किती, चालू असताना किती, आणि हेडलाइट-ब्लोअर लावल्यावर किती. साधं डिजिटल मीटर पाचशे-हजार रुपयांत मिळतं आणि ही तपासणी पाच मिनिटांची आहे. बॅटरी खरोखर गेली असेल तर ती बदलावी लागणारच, आकडे तेच सांगतील. वॉरंटीचा वाद झाला तर दुकानदारालाही याच आकड्यांचा आधार होईल. औंधच्या आयटीआयसारख्या संस्थांनी शाळा सुरू होण्याच्या आधी, मे महिन्यात एखादा दिवस स्कूल व्हॅनचं चार्जिंग तपासून द्यायला ठेवला, तर तिथे शिकणाऱ्या मुलांचा हातही बसेल आणि व्हॅनवाल्यांचीही सोय होईल. मला बोलावलं तर मी माझं मीटर घेऊन येईन.

आणि कोणीही चालू इंजिनवर टर्मिनलला पाना लावू लागला, तर वाचकांनी त्याला तिथेच थांबवावं आणि आधी चावी बंद करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त ऑटो इलेक्ट्रिशियन, धनकवडी, पुणे