आयकर बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी दर सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आयकर बंद करून सगळा कर खरेदीवर लावावा, अशा मागणीची पत्रं हल्ली आपल्या अंकात वाचायला मिळतात. लिहिणाऱ्यांचा त्रागा मला कळतो. पगार हातात पडायच्या आधी टीडीएस कापला जातो, परताव्यासाठी वाट पाहावी लागते, आणि एखादी नोटीस आली की घरातल्या माणसाची झोप उडते. तरीही या मागणीला माझा विरोध आहे. त्याची कारणं मी माझ्या कामातून सांगते.

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका दुकानात १९८६ ते २०२१ अशी ३५ वर्षं मी हिशेब लिहिले. आले तेव्हा १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याचा काळ होता. मुरादाबादहून पितळेचा माल यायचा, त्याच्या सी फॉर्मसाठी (परराज्यातल्या खरेदीवर कमी दराने कर लागावा म्हणून घेणाऱ्याने द्यायचा कागद) तिथली पार्टी सहा-सहा महिने मागे लागायची. १ एप्रिल २००५ पासून त्याच्या जागी व्हॅट आला. जकात गेली, २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि दोन वर्षांत बहुतेक व्यापाऱ्यांच्या डोक्यावरून उतरला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी. प्रत्येक वेळी 'आता सगळं सोपं होणार' असं ऐकलं आणि प्रत्येक वेळी नव्या चोपड्या घातल्या. विक्रीवरचा कर गल्ल्यावर कसा वागतो, हे मी रोज पाहिलं आहे.

दिवाळीत माझा भाचा अमेरिकेतून आला होता. तो अटलांटाला असतो. तो मोठ्या उत्साहाने सांगत होता, "मावशी, आमच्या जॉर्जिया राज्याच्याच एका खासदाराने, जॉन लिंडर यांनी, १९९९ साली हे विधेयक मांडलं. फेअरटॅक्स म्हणतात त्याला. वैयक्तिक आयकर, कंपन्यांचा कर, पगारातून कापला जाणारा सामाजिक सुरक्षेचा कर, वारसा कर, सगळं बंद. फक्त किरकोळ विक्रीवर एकच कर. आयकर खातंच नको!" हे विधेयक तेव्हापासून पुन्हा पुन्हा मांडलं जातं आहे. २०२३ च्या जानेवारीतही ते आलं होतं, पण मंजूर झालं नाही.

मी विचारलं, "दर किती?"

"२३ टक्के."

"कर धरून की वेगळा?"

तो थांबला. हा प्रश्न आमच्या बाजारातलं शेंबडं पोरही विचारतं. भाव सांगितला की गिऱ्हाईक पहिलं विचारतं, टॅक्स धरून की एक्स्ट्रा? त्याने फोनवर शोधलं आणि निघालं ते असं: गिऱ्हाइकाने १०० डॉलर मोजले तर त्यातले २३ कराचे. म्हणजे माल ७७ चा, त्यावर कर २३ चा. आपण ज्या पद्धतीने दर सांगतो तसा सांगायचा तर हा जवळपास ३० टक्के झाला. आपला १८ टक्के जीएसटी १०० च्या मालावर १८ असतो, बिल ११८ चं होतं. त्यांच्या पद्धतीने मोजला तर तो सव्वापंधरा टक्केच दिसेल. आयकर आपण उत्पन्नातूनच मोजतो, म्हणून तुलनेसाठी हा कर धरून सांगितलेला आकडा चुकीचा नाही, असं तिथले समर्थक म्हणतात. ठीक आहे. पण दुकानात उभ्या माणसाला ३० टक्केच द्यायचे आहेत. २००५ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या करसुधारणा समितीनेही या कल्पनेचा हिशेब केला होता. नुसत्या आयकराच्या जागी विक्रीकर आणायचा तरी आपल्या पद्धतीने मोजलेला ३४ टक्के दर लागेल, असं तिचं उत्तर होतं, आणि तिने ती शिफारस केली नाही.

आता आपल्याकडे या. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारच्या तिजोरीत येणाऱ्या एका रुपयाची फोड दिली आहे. त्यात २२ पैसे वैयक्तिक आयकराचे आहेत आणि १८ पैसे जीएसटीचे. आयकर बंद केला तर २२ पैशांचं भगदाड पडतं. ते वस्तूंवरच्या करातून बुजवायचं तर केंद्राचे १८ पैसे ४० झाले पाहिजेत, म्हणजे दुपटीहून जास्त. १८ टक्क्यांच्या वस्तूवर आज ९ केंद्राला आणि ९ राज्याला जातात. केंद्राचे ९ त्या प्रमाणात २० होतात. राज्याचे ९ धरले की २९ टक्के. ५ टक्क्यांची वस्तू ८ टक्क्यांच्या वर जाते. हा माझा ढोबळ हिशेब आहे. महागाईमुळे लोक खरेदी कमी करतील हे मी धरलेलंच नाही, ते धरलं तर दर आणखी चढवावे लागतील.

हे वाढलेले दर कोण भरणार? माझ्याकडे धुणंभांडी करायला एक ताई येतात. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. त्या चार घरी काम करतात, महिन्याला ११,२०० रुपये मिळतात. नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे, त्याचे १४,००० येतात. दोन मुलं शिकतात. शिल्लक काही राहत नाही. मी त्यांना सांगितलं, एक महिना सगळी बिलं आणि पुड्यांची वेष्टणं जपून ठेवा. त्यांनी ती खरंच एका पिशवीत घालून आणून दिली, किराण्याच्या चिठ्ठीला चहापत्तीचं रिकामं पाकीट टाचणीने लावून! भाजी, दूध, सुटं धान्य आणि घरभाडं यांवर कर नाही, ते मी बाजूला काढलं. उरलं ते असं. तेल, साखर, चहा, अंगाचा साबण, औषधं, म्हणजे ५ टक्क्यांच्या वस्तू ३,९९० रुपयांच्या, त्यात कर १९०. कपड्यांची पावडर, दोन मोबाइलचं रिचार्ज वगैरे १८ टक्क्यांचं १,६५२ रुपयांचं, त्यात कर २५२. महिन्याला ४४२ रुपये कर ताई आजच भरतात. "मी कुठे कर भरते ताई, आम्ही गरीब माणसं," असं त्या मला आधी म्हणाल्या होत्या. छापील किमतीत कर मिसळलेला असल्याने त्यांना तो कधी दिसलाच नव्हता.

वर काढलेले दर लावले की त्यांचे ४४२ चे ७१२ होतात. महिन्याला २७० जास्त, वर्षाला ३,२४०. एका घरी महिनाभर भांडी घासून त्यांना २,८०० मिळतात. म्हणजे एका घरचं महिनाभराचं काम त्या नुसतं या वाढीसाठी करणार, वर ४४० रुपये आणखी घालणार.

आणि आयकर गेल्याचा त्यांना फायदा किती? शून्य. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आज कर लागतच नाही. ताईंना लागत नाही, त्यांच्या नवऱ्याला लागत नाही, मी काम केलं त्या दुकानातल्या एकाही सेल्समनला लागत नाही. आयकर आणि विक्रीकर यांची अदलाबदल होणार आहे असं बोललं जातं तेव्हा हीच गोष्ट गाळली जाते. अदलाबदलीत दोन्ही बाजूंनी काही द्यायचं-घ्यायचं असतं. इथे एका बाजूला फक्त द्यायचं आहे.

दुसरं घर घ्या. करपात्र उत्पन्न २४ लाख. आजच्या दराने ३ लाख आयकर आणि वर ४ टक्के उपकर, मिळून ३,१२,००० रुपये. आयकर गेला की ते वाचतात. समजा त्या घराचा वर्षाचा खर्च १२ लाख आहे आणि सगळाच्या सगळा १८ टक्क्यांच्या वस्तूंवर होतो, म्हणजे मी त्यांच्या बाजूने सर्वांत वाईट धरलं. तरी त्यांचा विक्रीवरचा कर १,१२,००० च्या आसपास वाढेल. हातात २ लाख जास्त राहतील. ताईंसारखी ६२ घरं ३,२४० रुपये जास्त भरतील तेव्हा हे एक घर २ लाखांनी मोकळं होईल. मला त्या घराविषयी राग नाही. कष्टानेच शिकलेली मुलं आहेत ती. पण हा हिशेब डोळ्यांसमोर असताना मला गप्प बसवत नाही.

याला एक उत्तर भाच्याकडे होतं आणि ते मी टाळत नाही. अमेरिकेच्या विधेयकात गरजेपुरत्या खर्चावरचा कर सरकार प्रत्येक कुटुंबाला दर महिन्याला आगाऊ परत देणार, अशी तरतूद आहे. कागदावर ती चांगली आहे. पण आपल्याकडे तसे पैसे परत द्यायचे तर देशातल्या प्रत्येक घरात किती माणसं, खातं कुठलं, हे दर महिन्याला अचूक माहीत हवं. ताईंचा एका सरकारी योजनेचा हप्ता खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून चार महिने अडला होता. प्रत्येक वेळी एका घरचं काम बुडवून त्या बँकेत गेल्या. कर मात्र रिचार्ज मारल्याक्षणी कापला जाणार, त्याला आधार लागत नाही.

आता गल्ल्याविषयी. लग्नसराईत रुखवताच्या भांड्यांची खरेदी ४०,००० च्या घरात सहज जाते. यादी झाली की गिऱ्हाईक हळूच विचारतं, "बिल नको, मग किती?" ३५ वर्षांत हे वाक्य मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. काही शेठ ठाम नकार द्यायचे, काही कच्च्या चिठ्ठीवर माल द्यायचे. आता विचार करा, कर ३० टक्के असेल तर ४०,००० वर तो १२,००० होतो. १२,००० वाचत असतील तर पक्कं बिल मागणारा माणूस मला दाखवा. घेणारा आणि देणारा दोघंही खूश, मग तक्रार करणार कोण? जीएसटीत निदान मालाच्या प्रत्येक टप्प्यावर कर जमा होत येतो. शेवटच्या दुकानदाराने चिठ्ठी फाडली तरी कारखानदाराने आणि घाऊक व्यापाऱ्याने भरलेला कर सरकारकडे असतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळते म्हणून व्यापारी स्वतःच मागच्याकडून पक्कं बिल मागून घेतो. नुसत्या किरकोळ विक्रीवरच्या करात सगळी भिस्त शेवटच्या गल्ल्यावर. तो गल्ला निसटला की सगळंच गेलं. आणि व्यवसायासाठी घेतलेल्या मालावर कर नाही म्हटलं की घरचा मिक्सरही दुकानाच्या नावावर येतो, हे मी नव्याने सांगायला नको.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, तो विषय राज्यघटनेने राज्यांकडे दिला आहे. भाचा म्हणाला, "मोठे बागायतदार गाड्या घेतात, बंगले बांधतात, आयकर शून्य. विक्रीकर असेल तर निदान खर्चावर तरी देतील." खरं आहे. अवकाळी पावसात भावाचे मणी तडकलेले मी पाहिले आहेत, त्या वर्षी त्याच्याकडे कर मागायला कुणी आलं असतं तर मीच दारात उभी राहिले असते. पण शेतीच्या नावाखाली दुसऱ्याच धंद्याचा पैसा दाखवणारे लोकही याच जिल्ह्यात आहेत. त्यांच्यासाठी कायदा कडक करा, मी पहिली सही करते. पण त्यांना पकडता येत नाही म्हणून ताईंच्या कपड्यांच्या पावडरीवर २९ टक्के लावणं हा काही उपाय झाला नाही.

माझ्यासारख्या निवृत्तांचंही सांगते. मुदत ठेवीत आहे ते आयकर भरून उरलेलं. माझे यजमान नोकरीत होते, त्यांनी वर्षानुवर्षं कर कापून पगार घेतला. आता ती पुंजी औषधपाण्यावर खर्च करायच्या वेळी आयकर बंद आणि वस्तूंवर वाढीव कर, म्हणजे एकाच पैशावर दोनदा.

हे सगळं वाचून मी कराच्या प्रत्येक बदलाच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. धनत्रयोदशीला मी मुद्दाम जुन्या दुकानात गेले. पाय ठेवायला जागा नव्हती. ताईंनीही तीन लिटरचा कुकर घेतला, पक्क्या बिलावर. आयकराच्या १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे. त्यात परतावे लवकर मिळावेत, नोटिशीची भाषा साध्या माणसाला कळावी, यासाठी पत्रलेखकांनी जरूर लिहावं. त्याला माझा पाठिंबा आहे.

संपादक महाशय, आपल्याला एकच विनंती. यापुढे आयकर रद्द करून विक्रीवर कर लावा असं सुचवणारं पत्र किंवा लेख आला, तर छापण्याआधी लेखकाला दोन गोष्टी लिहायला सांगा. दर किती, आणि तो कर धरून की वेगळा. सोबत एका लिटर तेलाचं आणि एका रिचार्जचं बिल आज किती आणि तेव्हा किती, तेही छापा. ताईंच्या पिशवीतली बिलं माझ्याकडे आहेत. कुणाला हिशेब ताडून पाहायचा असेल तर मी त्यांच्या प्रती पाठवीन.

आपली,
एक निवृत्त हिशेबनीस,
पंचवटी, नाशिक