लिव्हर सैल झाला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०१० मध्ये आमच्या शहरातील (तेव्हाच्या औरंगाबादच्या) मंडळींनी एकाच वेळी दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या, तेव्हा त्याची बातमी देशभर गाजली. आता तर पुण्या-मुंबईत वापरलेल्या स्पोर्ट्‌स कारही येथे येऊ लागल्या आहेत. खरेदीचे कौतुक खूप झाले, पण या गाड्यांच्या दोषनिदानाबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझ्या भाच्याकडे अशीच एक ऑटोमॅटिक, दोन दारांची कार आहे. यंदाच्या उन्हाळ्यात तिचा गिअर लिव्हर पुढे-मागे सैल लागू लागला, ‘पी’पासून (पार्क) ‘डी’पर्यंत (ड्राइव्ह) नेताना मधल्या खाचा हाताला जाणवेनाशा झाल्या आणि एकदा खुलताबादच्या चढावर लिव्हर ‘पी’वर असतानाही गाडी हातभर मागे सरकली. एका मोठ्या शहरातील वर्कशॉपने गाडी रॅम्पवर न चढवताच गिअरबॉक्स बदलावा लागेल असे सांगून काही लाखांचा अंदाज हाती ठेवला. प्रत्यक्षात दोष निघाला तो लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या केबलच्या टोकाला असणाऱ्या, अंगठीएवढ्या बुशमध्ये, म्हणजे एका छोट्या कड्यात.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा व्यवसाय शिकवताना मी मुलांना एकच सांगत असे, की आधी बाहेरचे तपासा आणि मग आतले उघडा. या प्रकारच्या गाडीत लिव्हरची हालचाल एका केबलमार्फत गिअरबॉक्सवरील छोट्या दांड्यापर्यंत पोचते आणि केबलचे टोक त्या दांड्यावर रबरी किंवा प्लास्टिकच्या बुशने बसवलेले असते. वर्षानुवर्षे इंजिनाची धग सोसून हा बुश कडक होतो, तडकतो आणि झिजतो. मग लिव्हर आधी हलतो आणि दांडा मागाहून. हाताला जाणवणारा सैलपणा तो हाच. पॅनेलवरचे अक्षर बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सवरील सेन्सरकडून येते, त्यामुळे लिव्हर ‘डी’वर आणि पॅनेलवर ‘एन’ (न्यूट्रल) असे दिसले, तर पहिला संशय केबलवर घ्यावा. ‘पी’मध्ये स्टार्टर लागत नाही, पण लिव्हर किंचित हलवताच लागतो, ही तक्रारही बहुधा त्याच घरची.

सैलपणाची दिशाही बोलकी असते. लिव्हर डावी-उजवीकडे डुगडुगत असेल, तर त्याच्या बुडाच्या खिळीचा बुश पाहावा. लिव्हरची संपूर्ण बैठकच हलत असेल, तर कन्सोलखालचे, म्हणजे दोन सीटमधल्या भागाखालचे, बोल्ट. आणि नुसती मूठ फिरत असेल, तर काळजीचे कारण नाही. तपासणीला दोन माणसे लागतात. इंजिन बंद ठेवून, चाकांना ठोकळे लावून एकाने ब्रेक दाबून लिव्हर हलवायचा आणि दुसऱ्याने खालून दांड्याकडे पाहायचे. स्पोर्ट्‌स कार जमिनीलगत असल्याने खालची आवरणे काढण्यातच निम्मा वेळ जातो, आणि कदाचित म्हणूनच ही तपासणी टाळली जात असावी. ज्या नव्या गाड्यांत केबलच नसून लिव्हर म्हणजे केवळ एक विजेचा स्विच असतो, तेथे अर्थातच ही परीक्षा लागू पडत नाही.

हा दोष क्षुल्लक समजू नये. फोर्ड कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत मागवल्या, त्या याच केबलच्या बुशपायी. कारण बुश निखळल्यास लिव्हर ‘पी’ दाखवतो आणि गिअरबॉक्स मात्र भलत्याच गिअरमध्ये राहू शकतो. आपल्याकडे असे टोक तारेने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आवळून गाडी ग्राहकाच्या ताब्यात देणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताच्या कसबाबद्दल मला आदर आहे, या उपायाबद्दल नाही.

वर्कशॉपचालकांना माझी विनंती एवढीच, की गिअरबॉक्सचा खर्च सांगण्यापूर्वी केबलची दोन्ही टोके पाहिल्याची नोंद जॉब कार्डवर करावी आणि काढलेला बुश ग्राहकाला दाखवावा. बुश बदलल्यावर केबलचे समायोजनही तपासावे, अन्यथा तीच तक्रार परत येते. आणि ज्यांचा लिव्हर आजच सैल लागतो आहे, त्यांनी दुरुस्ती होईपर्यंत आधी हँडब्रेक ओढावा, मगच लिव्हर ‘पी’वर न्यावा आणि चढावर चाकामागे दगड ठेवावा, मग तो दगड त्या गाडीला कितीही शोभत नसला तरी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
सिडको, छत्रपती संभाजीनगर