जलप्रलयाला सन कुणी दिला? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मूल्यशिक्षणाच्या तासाला बायबलमधल्या कथा इतिहास म्हणून शिकवणे व त्यावर गुण देणे याबाबत.

महोदय,

सहावीतल्या एका मुलीची चाचणीची उत्तरपत्रिका समोर ठेवून हे पत्र लिहितो आहे. शाळा पुण्यातली, इंग्रजी माध्यमाची, शासनमान्य. नाव देत नाही, कारण एका शाळेला नोटीस गेली म्हणजे विषय संपला असं व्हायला नको. पेपर मूल्यशिक्षणाचा. प्रश्न असा : 'जलप्रलय कोणत्या वर्षी झाला?' मुलीने उत्तर लिहिलंय, 'ही बायबलमधली गोष्ट आहे.' त्यावर लाल फुली, शून्य गुण आणि शेजारी बाईंच्या वळणदार अक्षरात 'बरोबर उत्तर' : इ.स.पू. २३४८.

मुलीच्या घरचे ख्रिस्ती नाहीत. तिची आई उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली, कारण सोसायटीत ख्रिस्ती म्हणून ओळखीचा मी एकटाच. "काका, तुमच्या बायबलमध्ये असं सालबिल दिलंय का हो?" दिलेलं नाही. बायबलच्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकात एवढंच आहे की प्रलयातून तारवात बसून वाचलेल्या नोहाच्या वयाच्या सहाशाव्या वर्षी, दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी पाणी आलं. सन नाही, शक नाही. २३४८ हा आकडा आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांचा. बायबलमधल्या वंशावळीतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी जुळवत, मागे मागे जात त्यांनी १६५० मध्ये कालगणना छापली. जगाची उत्पत्ती इ.स.पू. ४००४, तीही २३ ऑक्टोबरला! पुढे इंग्रजी बायबलांच्या समासात हे आकडे छापले जाऊ लागले आणि लोकांना ते शास्त्रवचनच वाटू लागलं. अशर विद्वान होते, त्यांच्या काळात हाताशी जेवढी साधनं होती तेवढी त्यांनी वापरली. त्यांची बेरीज आज पुण्यातल्या सहावीच्या मुलांकडून घोकून घेणाऱ्यांना मात्र ही सबब नाही.

माझ्याबद्दल दोन शब्द. मी मराठी ख्रिस्ती. नोकरीभर माध्यमिक शाळेत इतिहास शिकवला, आता रविवारी उपासनेनंतर चर्चमध्ये संडे स्कूलचा वर्ग घेतो. नोहाची गोष्ट मीही सांगतो. कबुतर जैतुनाचं पान चोचीत धरून येतं तिथे लहान मुलं अजून टाळ्या वाजवतात. तेव्हा ही तक्रार धर्माच्या बाहेरून आलेली आहे असं समजू नये.

आता त्याच मुलीच्या दप्तरातलं दुसरं पुस्तक काढा. सहावीचं इतिहासाचं, बालभारतीचं. त्यात हडप्पा संस्कृती आहे. तिच्या नगरांचा भरभराटीचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९००. म्हणजे अशरसाहेबांच्या हिशोबाने सगळी पृथ्वी पाण्याखाली होती त्या वर्षी मोहेंजोदडोत लोक विटांची गटारं साफ करत होते, आणि नंतरही चारशे-साडेचारशे वर्षं करत राहिले. इजिप्तमध्ये खुफूचा पिरॅमिड त्याआधी दोनेकशे वर्षं उभा होता. त्या राज्यात कुणी बुडून नाहीसं झालं आणि नव्याने वसलं असं दिसत नाही. आणि पृथ्वी सहा हजार वर्षांची म्हणायची, तर ही मुलगी रविवारी बाबांबरोबर वेताळ टेकडीवर चढते तेव्हा तिच्या पायाखालच्या काळ्या दगडाचं काय? दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाताळेश्वरचं लेणं त्यातच कोरलंय.

मुलं हुशार असतात. दोन पुस्तकांत दोन उत्तरं असली तर ती भांडत बसत नाहीत, ज्या बाईंचा पेपर त्या बाईंचं उत्तर लिहितात. या मुलीनेही पुढच्या चाचणीत २३४८ लिहून पूर्ण गुण घेतले. मला खरा धसका याचा आहे. मोठेपणी तिचा धर्म बदलेल वगैरे भीती मला वाटत नाही. खरं काय हे तपासायचं नसतं, समोरच्या माणसाला काय हवंय ते ओळखायचं असतं, हा धडा मात्र ती बाराव्या वर्षी शिकली. इतिहास शिकवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला हे बोचतं.

आमचे काही विवेकवादी मित्र म्हणतील, मग बायबल शाळेतून हद्दपारच करा, सगळ्या भाकडकथा. त्यांचंही मला पटत नाही, कारण तेही न तपासताच बोलतात. इस्राएलच्या उत्तरेला तेल दान इथे १९९३ मध्ये एक शिलालेखाचा तुकडा सापडला. इ.स.पू. नवव्या शतकातला, आणि त्यावर 'दाविदाचं घराणं' असा, बायबलमधल्या दावीद राजाच्या वंशाचा, उल्लेख आहे. कैसरियाला १९६१ मध्ये येशूला क्रुसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात याचं नाव कोरलेला दगड मिळाला. म्हणजे ही माणसं हवेतली नाहीत. उलट बायबल सांगतं तसे यरीहो शहराचे तट इस्राएली सेनानी यहोशवाच्या कर्ण्यांनी पडले म्हणावं, तर पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांनी १९५२ ते १९५८ तिथे खणून पाहिलं आणि त्यांच्या मते ते शहर त्याच्या कितीतरी आधीच उद्ध्वस्त झालं होतं. एकाच ग्रंथात एका ठिकाणी पुरावा जुळतो, दुसऱ्या ठिकाणी जुळत नाही. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगलं साहित्य कुठे मिळणार?

एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण मी ते आठवी-नववीच्या मुलांबरोबर करून पाहिलंय. इ.स.पू. ७०१. अश्शूरचा (आजच्या इराकमधल्या जुन्या साम्राज्याचा) राजा सन्हेरीब यहूदाच्या राज्यावर चालून येतो. यहूदाच्या राजधानीत, यरुशलेमेत, हिज्कीया राजा आहे. या एका स्वारीच्या दोन्ही बाजूंच्या हकिकती आपल्याकडे आहेत. सन्हेरीबाने मातीच्या षटकोनी स्तंभावर लिहवून ठेवलंय की हिज्कीयाला मी त्याच्या राजधानीत पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं. बायबल म्हणतं, परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० अश्शूरी मारले आणि सन्हेरीब माघारी गेला. आता खंडणी पाहा. बायबलप्रमाणे ३० किक्कार (हे वजनाचं जुनं माप) सोनं आणि ३०० किक्कार चांदी. सन्हेरीबाच्या लेखात सोनं बरोबर ३०, चांदी मात्र ८००! वर्गात हे फळ्यावर लिहिलं की मागच्या बाकावरचेसुद्धा सरसावून बसतात. कुणी म्हणतं जिंकणाऱ्याने फुगवून सांगितलं, कुणी म्हणतं हरणाऱ्याने लपवलं, कुणी विचारतं वजनाची मापं वेगळी असतील का. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, पण यरुशलेम घेतलं असं तर सन्हेरीबपण म्हणत नाहीये." बस्स. दोन साधनं शेजारी ठेवून वाचणं त्या पोरीला आलं. देवदूत होता की नव्हता हे मी सांगत नाही, त्याचा पेपरही काढत नाही.

नाताळच्या गोष्टीचंही तेच. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मत्तय म्हणतो येशूचा जन्म हेरोद राजाच्या दिवसांत झाला. हेरोद मेला इ.स.पू. ४ मध्ये. दुसरा चरित्रकार लूक त्या जन्माची सांगड सीरियाचा रोमन सुभेदार क्विरीनिय याच्या वेळच्या नावनिशीशी, म्हणजे शिरगणतीशी, घालतो, आणि ती नावनिशी इ.स. ६ मधली. दहाएक वर्षांचा फरक. दर डिसेंबरला आम्ही दोन्ही उतारे त्याच भक्तीने वाचतो, कुणाची श्रद्धा डळमळलेली मी तरी पाहिली नाही.

आणि साहेब, हे पुण्यात सांगावं लागतंय याचं नवल वाटतं. भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं ओळीओळीने ताडून पाहिली गेली. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपल्या सगळ्यांची लाडकी कथा, ती मूळ संहितेतली नाही म्हणून आवृत्तीचे संपादक सुकथनकरांनी परिशिष्टात नेऊन ठेवली. कुठे? गणपतीच्या पुण्यात! त्या वर्षी दगडूशेठपुढची गर्दी कमी झाली नाही. याच शहरात इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं आणि बखरीतलं वाक्य अस्सल कागदाशी ताडल्याशिवाय इतिहासात घ्यायचं नाही ही सवय मराठी माणसाला लावायचा जन्मभर खटाटोप केला. आपलं शिक्षण आयुक्तालय, अभ्यासक्रम ठरवणारी एससीईआरटी, बालभारती, सगळं याच शहरात आहे. बखरीला आणि महाभारताला जी फूटपट्टी लावली ती उत्पत्तीच्या पुस्तकाला लावायला हरकत कसली?

हरकत ख्रिस्ती धर्माचीही नाही. कॅथलिक चर्चने १९४३ मध्येच पोपच्या परिपत्रातून सांगितलं की शास्त्रातल्या लेखकांनी आपापल्या काळचे साहित्यप्रकार वापरले आहेत, ते ओळखून वाचा. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत निव्वळ तर्कापलीकडे गेल्याचं मान्य केलं. अक्षर न् अक्षर इतिहास मानण्याचा हा हट्ट आजच्या रूपात मुख्यतः अमेरिकेतून आलाय. त्या मुलीची मूल्यशिक्षणाची पुस्तिका मी चाळली. डायनासोरच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली सोनेरी केसांची मुलं, पाठीमागे लाल कोठार. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सरकारी शाळांतून 'निर्मितीविज्ञान', म्हणजे बायबलमधली जगाची उत्पत्ती विज्ञान म्हणून, शिकवायची सक्ती घटनाबाह्य ठरवली. तिथे दार बंद झालेला माल इथे मूल्यशिक्षण म्हणून खपतोय, आणि पालक फी भरून घेताहेत.

'आम्ही अनुदान घेत नाही, तुमचा काय संबंध' असं शाळा म्हणेल. संविधानाचा अनुच्छेद २८(३) अनुदानित शाळांबरोबरच शासनमान्य शाळांनाही लागू आहे. विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. इथे संमती कशी घेतली आहे पाहा. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर फी परत न मिळण्याच्या अटीखाली बारीक टाइपात एक ओळ : 'संस्थेच्या सर्व शैक्षणिक व मूल्याधिष्ठित उपक्रमांस माझी संमती आहे.' प्रवेशाच्या रांगेत उभा असलेला बाप ती वाचतो थोडीच.

अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय, तो मला जिवाइतका प्यारा आहे. म्हणून हेही स्पष्ट लिहितो : हे पत्र फडकवत कुणी कुठल्या मिशनच्या शाळेवर मोर्चा नेला, तर आडवा पडणाऱ्यांत मी असेन. कित्येक कॅथलिक शाळांत जुनी आणि चोख पद्धत आहे. कॅथलिक मुलं त्या तासाला कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातात, बाकीची मॉरल सायन्सला बसतात. कुणावर काही लादलं जात नाही. आणि नियम करायचा तर सगळ्यांना करा. पुष्पक विमान हे विमानविद्येचा पुरावा म्हणून शिकवणाऱ्या शाळेलाही तोच. २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक आणि गीता पाठ करण्याचा उल्लेख आला तेव्हा केवढा गदारोळ झाला. मनाचे श्लोक मला स्वतःला पाठ आहेत, जीभ स्वच्छ होते. पाठांतर वेगळं आणि 'हे घडलं, वर्ष लिहा, एक गुण' वेगळं.

धर्मग्रंथांविषयी शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये धर्मांचा अभ्यास आणि धर्मोपदेश यांत फरक केलाच आहे. खुशाल शिकवा. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून, सगळं बायबल मराठीत आणलं. छापून पुरं झालं ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये. पुण्याच्या मुलांना लाल देऊळ ठाऊक असतं, ते सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे आणि तिथे वाचला जाणारा तोरा म्हणजे आमच्या जुन्या कराराची पहिली पाच पुस्तकं, हे कुणी सांगत नाही. एक तास तिथे न्या की.

माझं मागणं तीन ओळींच्या परिपत्रकाएवढं आहे. धार्मिक शिक्षणाची संमती प्रवेश अर्जात न दडवता वेगळ्या कागदावर, पालकाला समजेल त्या भाषेत, दरवर्षी घ्यावी, आणि नाही म्हणणाऱ्या मुलाला त्या वेळात दुसरा तास असावा, कॉरिडॉरचा बाक नको. श्रद्धेच्या प्रश्नांना गुण नसावेत. आणि धर्मग्रंथातल्या घटनेला सन-तारीख देऊन ती इतिहास किंवा विज्ञान म्हणून शिकवायची असेल, तर पुरावा इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकाने तपासलेला असावा. शाळा तपासणीला येणाऱ्या शिक्षणाधिकाऱ्यांनी शौचालयं आणि पटसंख्या पाहताना मूल्यशिक्षणाची पुस्तिकाही एकदा उघडून पाहावी.

उत्तरपत्रिकेची आणि पुस्तिकेच्या चार पानांची छायाप्रत, मुलीचं व शाळेचं नाव झाकून, आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्र टपालाने पाठवली आहे. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेआधी उत्तर मिळालं तर त्या मुलीच्या आईला दाखवता येईल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
पुणे