टाटामोबाइल पिकअपच्या पुनर्बांधणीतील त्रुटी आणि मूळ इंजिन परत न मिळाल्याबाबत तक्रार

दिनांक : ३ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
वाहन पुनर्बांधणी व इंजिन बदल विभाग,
पुणे.

विषय : १९९० सालच्या टाटामोबाइल पिकअपच्या इंजिन बदलातील गंभीर त्रुटी, नोंदणी प्रमाणपत्रावर बदलाची नोंद न होणे आणि काढून घेतलेले मूळ इंजिन परत न करणे.

महोदय,

माझ्या वडिलांच्या नावावर असलेली टाटामोबाइल पिकअप मी १४ मार्च २०२४ रोजी आपल्या कार्यशाळेत पुनर्बांधणीसाठी दिली होती. काम चार महिन्यांत पूर्ण करण्याचे आपण लेखी कबूल केले होते. गाडी प्रत्यक्षात ९ नोव्हेंबरला मिळाली. उशिराबद्दल माझी तक्रार नाही, कारण जुन्या गाडीच्या कामात अंदाज चुकतो हे मला समजते. माझी तक्रार अशी आहे की, ६,८५,००० रुपये पूर्ण भरल्यानंतर आज ही गाडी रस्त्यावर सुरक्षित नाही, कागदावर वैध नाही, आणि तिला पुन्हा वैध करण्याचा एकमेव सरळ मार्ग म्हणजे तिचे मूळ इंजिन, ते आपण अजून परत केलेले नाही.

हे काम आपल्याकडे कसे आले, तेही नोंदवणे आवश्यक आहे. टाटामोबाइल १९८८ साली बाजारात आली आणि आमची गाडी त्यानंतर दोनच वर्षांनी घरी आली. निफाड तालुक्यातल्या आमच्या शेतावरचे ते पहिले चारचाकी वाहन. लासलगावच्या बाजार समितीत कांदा, हंगामात वाशीला द्राक्षे आणि गावातल्या निम्म्या लग्नांचे सामान याच गाडीच्या हौद्यातून गेले. तिचे १९४८ सीसीचे डिझेल इंजिन बंद पडलेले नव्हते. त्याचा दम गेला होता, धूर वाढला होता आणि सकाळी सुरू व्हायला ते वेळ घेत होते, म्हणून बोअर-पिस्टनचे काम, पत्र्याचे काम आणि रंग एवढ्याच अपेक्षेने मी आपल्याकडे आले होते. इंजिन बदलण्याचा सल्ला आपल्या प्रतिनिधींचा होता. जुन्या इंजिनाचे सुटे भाग यापुढे मिळणार नाहीत, त्याऐवजी सफारी गाडीतले २१७९ सीसीचे डायकोर इंजिन गिअरबॉक्ससह बसवू, असे त्यांनी सांगितले. १४० अश्वशक्तीचे कॉमन रेल (म्हणजे खूप जास्त दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन साठ-पासष्ट अश्वशक्तीसाठी बनलेल्या गाडीत बसवताना ब्रेक, रेडिएटर, प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) आणि चासी यांचे काय, हा प्रश्न मी त्याच बैठकीत विचारला होता. "ते सगळं पॅकेजमध्ये येतं," हे उत्तर मला मिळाले आणि ते कामाच्या आदेशपत्रात "अनुषंगिक सर्व फेरबदलांसह" या शब्दांत उतरले आहे.

११ जानेवारीला पहाटे मी सातशे किलो द्राक्षे घेऊन वाशीला निघाले. वडील शेजारी बसले होते. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरायला लागल्यावर तिसऱ्या वळणाच्या आसपास ब्रेकचे पेडल एकाएकी दगडासारखे कडक झाले. पूर्ण ताकदीने दाबूनही गाडीचा वेग पुरेसा कमी होईना. "आधी दुसरा टाक, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढ," असे वडील शांतपणे सांगत राहिले आणि डाव्या कडेला दरडीशी गाडी थांबली. मागे मालाने भरलेला ट्रक होता. त्याच्या चालकाने अंतर राखले होते, म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गाडी थांबल्यावर त्यांनी दाराच्या मुठीवरचा हात बराच वेळ काढला नाही.

बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडून पाहिले तेव्हा कारण डोळ्यांसमोर होते. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला (पायाचा जोर वाढवून ब्रेक लावणाऱ्या भागाला) लागणारा व्हॅक्यूम स्वतंत्र पंपाने तयार होतो आणि तो बूस्टरपर्यंत नेणारा पाइप आतून ओढला गेला तरी चिपटणार नाही अशा जाड, मजबूत रबराचा असावा लागतो. आपण तेथे साधा डिझेलचा पाइप लावला होता. एक्झॉस्टच्या उष्णतेने तो मऊ पडून मधोमध चपटा झाला होता. बोटाने दाबून पाहिला तर आतल्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या होत्या. त्या पाइपची किंमत शंभर-दोनशे रुपयांच्या पलीकडे नसावी. तो बदलून, वजन घेऊन मी त्या दिवशी वाशीला पोहोचले, पण परतीच्या वाटेवर रिकामे क्रेट असूनही घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला आणि इगतपुरीपर्यंत आम्हाला दोनदा थांबावे लागले.

त्यानंतर मी गाडी पिंपळगाव बसवंतच्या एका अनुभवी मिस्त्रींकडे नेली आणि खड्ड्यावर घेऊन खालून पूर्ण तपासून घेतली. त्यांचा सहीचा तपासणी अहवाल आणि छायाचित्रे सोबत जोडली आहेत. गाडीचा जुनाच रेडिएटर ठेवून त्याच्या पुढे इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी) उभा केला आहे, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते. पंख्याभोवती काउल, म्हणजे हवेला दिशा देणारे आवरण, नाही, त्यामुळे पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीचीच हवा घुसळत राहतो. मोकळ्या रस्त्यावर हे लक्षात येत नाही. चढावर, कमी वेगात आणि जास्त भारात लगेच येते. आपल्या चाचणीची नोंदवही मी मागितली होती. तिच्यात सपाट रस्त्यावरच्या अठरा किलोमीटरची एकच फेरी आहे.

इंजिनाचे डावे फाउंडेशन चासीला वेल्डिंग करून बसवले आहे. वेल्डच्या कडेला साधारण दोन इंच लांबीची केसासारखी बारीक चीर गेली असून तिच्यातून गंजाची तांबूस रेघ खाली ओघळलेली दिसते. ३२० न्यूटन मीटर टॉर्क देणाऱ्या इंजिनाचा झटका ज्या जागेवर येतो, तिथे चासीच्या पत्र्याला आतून आधारपट्टी न देता नुसता ब्रॅकेट चिकटवणे हे कामातले अज्ञान म्हणावे की घाई, ते आपण तपासावे. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापून लहान केला आहे, परंतु नंतर तो बॅलन्स केल्याची खूण नाही आणि गिअरबॉक्सचा व डिफरन्शियलचा फ्लँज (शाफ्ट जोडण्याची चकती) एकमेकांना समांतर नाहीत. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे गाडीची जमीन थरथरते आणि अकराशे किलोमीटरमध्येच शाफ्टचा मागचा क्रॉस (फिरता सांधा) ढिला झाला आहे.

वायरिंगबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण ४५,००० रुपये स्वतंत्रपणे त्यासाठीच घेतले गेले. या इंजिनाला ॲक्सिलरेटरची तार नाही. पेडलचा सेन्सर, इंधनाचा दाब आणि इंजेक्टरची वेळ हे सर्व ईसीएमच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या, ताब्यात असते, त्यामुळे एक ढिला जोड म्हणजे एक ढिला स्क्रू नव्हे. डॅशबोर्डखाली मिस्त्रींनी मोजलेल्या जोडांपैकी एकवीस जोड वायरी नुसत्या पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळून केलेले आहेत. सोल्डर नाही, क्रिंप नाही. पावसाळा अजून पाहिलेलाही नसताना गाडी तीन वेळा लिंप मोडमध्ये गेली आहे, म्हणजे इंजिन ठरावीक फेऱ्यांपलीकडे जायला नकार देते आणि भर रस्त्यात गाडी बैलगाडीच्या वेगाने चालते. इंजिनातला दोष दाखवणारा दिवा जोडलेला नाही. जुने मीटर केबलवर चालणारे आणि नव्या गिअरबॉक्सला सेन्सर, त्यामुळे वेगमापक ताब्यात मिळाल्यापासून शून्यावर आहे.

डिझेलची जुनी टाकी आपण आतून साफ केलेली नाही. फिल्टरच्या वाटीत गंजाचे कण आणि पाणी सापडले. जुन्या इंजिनाने हे एक वेळ सहन केले असते, परंतु कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो आणि इंजेक्टरची छिद्रे केसाइतकी बारीक असतात, तेथे असा कण इंजेक्टर निकामी करतो. हे आपल्या व्यवसायातल्या कोणालाही मी सांगण्याची गरज नसावी.

पत्र्याच्या आणि रंगाच्या कामासाठी २,१५,००० रुपये आकारले आहेत. दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावला तर तो धरत नाही, घसरून पडतो. तेथे गंजलेला पत्रा कापून नवा न लावता पुट्टी भरली आहे. मागच्या फाळक्यावर आमच्या गावच्या पेंटरने १९९० साली हाताने लिहिलेली "आईचा आशीर्वाद" ही अक्षरे होती. ती तशीच राखावीत, एवढी एकच अट वडिलांनी घातली होती आणि ती आदेशपत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलेली आहे. फाळका आज कोऱ्या रंगात चमकतो आहे. ज्या आईच्या नावाने ती अक्षरे लिहिली गेली, त्या माझ्या आजी होत्या. रंगवणाऱ्याचे ब्रश-वळण आता कोणी परत आणू शकत नाही आणि त्याची भरपाई कोणत्या आकड्यात मागावी हे मला ठरवता आलेले नाही.

आता सर्वांत गंभीर बाबीकडे येते. २० जानेवारीला योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी गाडी नाशिकच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात नेली. निरीक्षकांनी इंजिनावर कागद ठेवून पेन्सिलने क्रमांकाचा छाप घेतला, आरसीवरचा क्रमांक पाहिला आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. त्यांचे वागणे पूर्णपणे नियमाला धरून होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणेच लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही जबाबदारी मालकावर आहे, कार्यशाळेवर नाही. म्हणजे आपण केलेल्या कामासाठी उत्तर द्यायला माझ्या वडिलांना उभे राहावे लागेल.

मी हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वीच विचारला होता. "एकाच कंपनीचं इंजिन आहे, आरसीवर चढवून देऊ," हा आपल्या प्रतिनिधींचा २ मार्च २०२४ चा संदेश माझ्याकडे जपून ठेवलेला आहे आणि देयकात "आरटीओ कामकाज" या नावाखाली ३५,००० रुपये वेगळे दाखवले आहेत. प्रत्यक्षात परिवहन कार्यालयात परवानगीचा अर्जच दाखल झालेला नाही. बसवलेले इंजिन कोणत्या गाडीतून आले, त्या गाडीची नोंदणी रद्द झाली होती का, ती अधिकृत वाहन मोडणी केंद्रात गेली होती का, याचा एकही कागद चार वेळा मागूनही आपण दिलेला नाही. उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीतले निघाले तर आमच्या अंगणात पोलीस येतील, ही भीती मी अतिशयोक्तीने लिहीत नाही.

२४ जानेवारीच्या दूरध्वनीवर आपल्या सेवा विभागाने मला "जुन्या गाडीला असं होणारच" असे उत्तर दिले. हे उत्तर मी मान्य करत नाही. चिपटलेला पाइप नवा होता, चिरलेले वेल्ड नवे होते, पिळलेल्या वायरी नव्या होत्या. गाडीत जे जुने होते ते चौतीस वर्षे टिकले.

म्हणून माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. आदेशपत्रात "जुने इंजिन व गिअरबॉक्स ग्राहकास परत" असे स्पष्ट लिहिलेले असताना ते आजतागायत मिळालेले नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ते दोन्ही मला सुपूर्द करावेत. इंजिनावरच्या क्रमांकाचा छाप घेऊन तो आरसीशी माझ्यासमोर ताडून पाहिल्याशिवाय मी ते ताब्यात घेणार नाही. त्यानंतर बसवलेले इंजिन आपल्या खर्चाने उतरवून मूळ इंजिनाचे बोअर-पिस्टनचे काम माझ्या पसंतीच्या कार्यशाळेत व्हावे आणि ते गाडीत परत बसवण्याचा संपूर्ण खर्च आपण द्यावा. चासीची चीर आधारपट्टी देऊन दुरुस्त करावी. इंजिन व गिअरबॉक्सचे २,४०,०००, बसवण्याच्या मजुरीचे १,१०,०००, वायरिंगचे ४५,००० आणि आरटीओ कामकाजाचे ३५,००० असे एकूण ४,३०,००० रुपये परत करावेत. दारांचे पत्र्याचे काम पुट्टी काढून नव्याने करून द्यावे. मूळ इंजिन विकले गेले असेल किंवा भंगारात गेले असेल तर तसे लेखी कळवावे. ते लपवून आणखी आठवडे घालवू नयेत, कारण द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आहे आणि मी रोज भाड्याच्या गाडीने माल पाठवते आहे.

तीस दिवसांत समाधानकारक कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. हा अधिनियम तक्रारदाराला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात दाद मागू देतो, त्यामुळे पुण्याला हेलपाटे घालावे लागतील या अपेक्षेवर आपण विसंबू नये. तोपर्यंत गाडी आमच्या शेडमध्ये उभी राहील. ती कोणीही चालवणार नाही.

आपली,
ग्राहक, ता. निफाड, जि. नाशिक

सोबत : आदेशपत्र व देयकांच्या प्रती, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मिस्त्रींचा तपासणी अहवाल, छायाचित्रे, २ मार्च २०२४ च्या संदेशाची प्रत आणि काढून ठेवलेला चिपटलेला व्हॅक्यूम पाइप यांचे छायाचित्र. मूळ पाइप माझ्याकडे सुरक्षित आहे.